ट्रकची धडक आणि बखरीचं फाटकं पान

गेल्या महिन्यात माझं सहामाही प्रेझेंटेशन झालं. पेट पास होऊन कोर्सवर्कच्या उंबरठ्यावर असलेल्यांना हा प्रकार लवकरच कळेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. वीस मिनिटं आपण बोलायचं आणि नंतर समितीनं आपल्याला बोलायचं!

माझी पार्श्वभूमी भौतिकशास्त्राची आणि पीएच.डी. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासावर. अकराव्या स्लाईडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘जगातली पहिली इसेकाई कथा मराठीत’. खाली डॉ. जयंत नारळीकरांचं नाव. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर सरकवून विचारलं, "पहिली? कशावरून?"

मी म्हणाले, "मॅडम, दोन्हीकडे ट्रक आहे."

सगळे हसले, मीही हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "ट्रक हा पुरावा नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढची स्लाईड मागितली.

तेव्हापासून त्या एका वाक्यावर मी काम करते आहे. माझा दावा कसा कोसळला आणि त्याखाली काय सापडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. सुरुवात ट्रकपासूनच करू.

एक ट्रक, जो ट्रक नव्हता

‘इसेकाई’ म्हणजे जपानी भाषेत ‘दुसरं जग’. या प्रकारच्या कथेत आपल्यासारखाच कुणीतरी साधा माणूस अपघातानं, मंत्रानं किंवा मरून दुसऱ्या जगात जाऊन पडतो. तिथे राक्षस असतात, जादू असते आणि इथे कुणी विचारत नसलेला हा माणूस तिथे नायक होतो. २००४ साली जपानमध्ये हौशी लेखकांसाठी ‘शोसेत्सुका नि नारो’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. नावाचा अर्थ साधारण ‘चला, कादंबरीकार होऊया’. तिथे या प्रकाराचं एवढं पीक आलं की २०१६ साली एका लघुकथा स्पर्धेच्या आयोजकांनी दुसऱ्या जगात जाणाऱ्या कथाच नकोत, असा नियम केला. नायकाला ट्रकनं उडवणं ही तर या कथांची खूणच झाली.

याच संकेतस्थळावरून नात्सुमे आकात्सुकी यांची ‘कोनोसुबा’ आली. पुस्तक २०१३ साली निघालं आणि जानेवारी २०१६ मध्ये अ‍ॅनिमे सुरू झाली. नायक काझुमा हा घरात बसून व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा. रस्त्यात एका मुलीला ट्रकखालून वाचवायला झेप घेतो आणि मरतो. पुढे अ‍ॅक्वा नावाची देवी त्याला पोट धरून हसत सांगते, की तो ट्रक नव्हताच, हळूहळू येणारा ट्रॅक्टर होता. मुलीला काहीच झालं नसतं. हा गडी नुसत्या धसक्यानं गेला!

मग देवी म्हणते, दुसऱ्या जगात जाताना कुठलीही एक गोष्ट बरोबर ने. इतर कथांतले नायक इथे दिव्य तलवार मागतात. चिडलेला काझुमा म्हणतो, "हिलाच नेतो." देवीला घेऊन तो पोहोचतो तर दोघांकडे नावनोंदणीच्या फीचे पैसे नाहीत. पुढे काही दिवस दोघं भिंतीच्या बांधकामावर मजुरी करतात आणि तबेल्यात झोपतात. (फेलोशिप रखडलेल्यांनी हा भाग जपून पाहावा, फार जवळचा वाटतो.)

दुसरा ट्रक, पुण्याच्या प्राध्यापकांचा

आता नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. सीबीएसईतून आलेल्यांनी ती अकरावीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावानं वाचलेली असेल.

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे अभ्यासक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यात घोळत असतानाच त्यांची ट्रकशी टक्कर होते. पुढे ते एका अनोळखी मुंबईत उतरतात. तिथे ब्रिटिश झेंडा आहे, ईस्ट इंडिया कंपनी जिवंत आहे. पण उरलेला देश मात्र स्वतंत्र. मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं आहे आणि मुंबई ब्रिटिशांकडे भाडेपट्ट्यानं आहे.

अशा वेळी हा माणूस काय करतो? तलवार शोधत नाही, राक्षस मारत नाही. थेट टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातो आणि इतिहासाचे ग्रंथ मागवतो. त्यात स्वतः लिहिलेले पाच खंडही असतात! पहिले चार जसेच्या तसे. पाचव्या खंडात इतिहास वळण घेतो. हे वळण नक्की कुठे आलं, ते पंत पानं उलटत शोधतात आणि एका क्षणाशी येऊन थांबतात : पानिपतच्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून निसटून गेली.

नंतर येते कथेतली खरी धमाल. आझाद मैदानावर व्याख्यान चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. नऊशे नव्व्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ती लोहचुंबकासारखी ओढते. ते जाऊन बसतात आणि बोलू लागतात. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषण, पाहुण्यांची ओळख, आभार हे सगळं केव्हाच बंद केलेलं असतं. श्रोते हाताला लागेल ते फेकून मारतात आणि त्या गोंधळात पंत गायब होतात. भानावर येतात ते आपल्या जगात.

वेड लागलं म्हणावं, तर खिशात एक कागद असतो. ग्रंथालयात वाचत असताना चुकून खिशात राहिलेलं बखरीचं फाटकं पान, ज्यावर गोळी हुकल्याचं लिहिलेलं आहे.

‘पहिली’ म्हणायचं तर

आता माझ्या दाव्याची तपासणी. तुम्हीही कधीतरी ‘पहिला’, ‘सर्वात जुना’, ‘एकमेव’ असे शब्द लिहाल. त्यांना निदान तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : याच्याआधी खरंच कुणी नाही? मी शोधायला बसले आणि तासाभरात हरले. मार्क ट्वेनची एका अमेरिकन माणसाची कादंबरी १८८९ सालची. डोक्यात पहार बसते आणि हँक मॉर्गन सहाव्या शतकातल्या राजा आर्थरच्या दरबारात जाऊन पडतो. तिथे तो सूर्यग्रहणाच्या ज्ञानावर जीव वाचवतो. विनोद, अपघात, दुसरं जग, सगळं आहे. जपानमध्येच पाहिलं तर उराशिमा तारो या कोळ्याची गोष्ट सापडते. ती समुद्रतळाच्या महालात जाऊन परतण्याची, म्हणजे परत येईपर्यंत गावात कित्येक पिढ्या उलटून गेल्याची गोष्ट. तिचा उल्लेख इसवी सन ७२० च्या ‘निहोन शोकी’ ग्रंथात आहे.

आणि आपल्याकडे? भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपल्या मुलीला, रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो. हिला कोणता वर योग्य, हे ब्रह्मदेवाला विचारायचं असतं. तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं म्हणून बापलेक थोडा वेळ थांबतात. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो, की पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. तू मनात धरलेली स्थळंच काय, त्यांचे पणतूसुद्धा उरले नाहीत. शेवटी रेवती बलरामाला दिली जाते. जुन्या युगातली म्हणून ती फारच उंच, तेव्हा बलराम नांगरानं तिला जरा खाली ओढून घेतो, असं विष्णुपुराण सांगतं. ‘कोनोसुबा’च्या लेखकाला हे सांगितलं तर तो लगेच वहीत टिपून घेईल!

म्हणजे ‘पहिली’ हा शब्द गेला.

दुसरा प्रश्न : एकाचं दुसऱ्यापर्यंत पोहोचलं कसं? नारळीकरांची कथा नारो संकेतस्थळाच्या आधीची हे खरं, पण आधीचं असणं म्हणजे उगम असणं नव्हे. प्रभाव म्हणायचा तर वाट दाखवावी लागते : अनुवाद, पत्र, मुलाखत, ग्रंथालयातली नोंद, काहीतरी. पुण्यातून तोक्योपर्यंत जाणारी अशी एकही वाट माझ्याकडे नाही. उलट जपानी इसेकाईची स्वतःची वंशावळ नीट लावता येते. सत्तरच्या दशकातली हारुका ताकाचिहो यांची कादंबरी, १९८३ ची ‘ऑरा बॅटलर डनबाइन’ ही मालिका, मग व्हिडिओ गेम, मग नारो. दोन्हीकडे ट्रक आहे, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातही आणि जपानमध्येही माणूस अचानक मरण्याची सगळ्यात ओळखीची रीत तीच होती. तेवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रश्न : दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत का? इथे मी थांबले, कारण दावा कोसळत असताना खाली काहीतरी चमकलं.

काय घेऊन गेलात, काय घेऊन आलात

काझुमा देवीला घेऊन जातो. हँक मॉर्गन विज्ञान घेऊन जातो. गंगाधरपंत काय घेऊन जातात? एक प्रश्न. आणि काय घेऊन येतात? एक कागद.

जपानी इसेकाईत परतीचं महत्त्व बहुतेक वेळा नसतंच, नव्या जगात रमणं हीच गंमत. नारळीकरांच्या कथेत परत येणं भाग आहे, कारण परत आल्याशिवाय पुरावा दाखवता येत नाही. पंत ते पान राजेंद्र देशपांडे या वैज्ञानिक मित्रासमोर ठेवतात. मग आपल्या जगातली बखर काढतात आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवतात. एकात गोळी लागली, दुसऱ्यात हुकली. बाकी तपशील जुळतात.

विज्ञानशाखेतल्या मंडळींनो, हे ओळखीचं वाटतंय ना? एकच चल बदललं, उरलेली परिस्थिती तीच ठेवली आणि फरक पाहिला. आपण प्रयोगशाळेत हेच करतो. इतिहासाला ही सोय नाही, पानिपत पुन्हा लढता येत नाही. नारळीकरांनी दुसरं जग वापरलं ते हा प्रयोग करून पाहण्यासाठी.

राजेंद्रचं स्पष्टीकरण दोन भागांत आहे. पहिला भाग कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचा. फ्रेंच गणिती रने तोम यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७२ साली आला आणि त्या दशकात त्याचा मोठा बोलबाला झाला. कल्पना समजायला प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. दोन्ही टोकांनी हळूहळू दाबत जा. दाब सावकाश वाढतो, पट्टी मात्र एका क्षणी फटकन डावीकडे किंवा उजवीकडे वाकते. त्या क्षणी बोटाचा जरासा कल पुरतो. लढाईतही एक वेळ अशी येते, असं राजेंद्र म्हणतो. तिथे पेशव्यांच्या पुत्राला लागलेली किंवा हुकलेली गोळी सगळं फिरवू शकते. दुसरा भाग क्वांटम भौतिकीचा : इलेक्ट्रॉन नक्की कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, कदाचित सगळ्या शक्यता आपापल्या जगात खऱ्या असतील. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलेल्या बहुविश्वाच्या कल्पनेशी याचं नातं आहे.

हे स्पष्टीकरण अंतिम सत्य म्हणून घेऊ नका. कॅटॅस्ट्रॉफी थिअरी समाजशास्त्रांना सरसकट लावण्यावर सत्तरच्या दशकाअखेरीलाच कडक टीका झाली होती. आणि बहुविश्वातल्या एका जगातून दुसऱ्यात चालत जाता येतं, असं एव्हरेटही म्हणाले नव्हते. कथेनं तेवढी मुभा घेतली आहे.

गंगापूर रोडवरून पाहिलं तर

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, नाशिकचा काय संबंध? मी रोज गंगापूर रोडनं जाते-येते. प्रेझेंटेशननंतर आठवडाभर या रस्त्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते.

१४ जानेवारी १७६१ रोजी गोळी लागून पडले त्या विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई. त्याच वर्षी जूनमध्ये पती नानासाहेब गेले. दुसरे पुत्र माधवराव पेशवे झाले. त्यांच्याशी मतभेद होऊन गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. १७७२ मध्ये माधवराव क्षयानं गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिसऱ्या मुलाचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला. गोपिकाबाईंचा शेवट १७८८ साली नाशिकमध्येच झाला. आणि त्याच रस्त्यावर, गंगापूरच्या अलीकडे आनंदवल्ली आहे. हे नाव आनंदीबाईंचं. ज्यांच्यावर नारायणरावांच्या खुनाचा ठपका आला, त्या राघोबादादांनी दिलेलं. तिथे त्यांचा वाडा होता.

आज तिथून सिटी बस जाते, क्लासची पोरं स्कूटरवरून जातात. ती गोळी कानाजवळून गेली असती, तर ही दोन नावं या रस्त्यावर अशी शेजारी आली असती का?

इथे मला एकदम जाणवलं, की ‘एक चल बदला’ म्हणणं सोपं आहे, पण ते एकटं बदलत नाही. विश्वासराव थोरले. ते जगले असते तर नानासाहेबांनंतर पेशवेपद त्यांचं. मग माधवरावांची अकरा वर्षांची कारकीर्द, जिच्याकडे पानिपतनंतर सावरण्याचा काळ म्हणून पाहिलं जातं, ती कुठे गेली? आणि एका गोळीवर सगळं टाकलं तर बाकीची कारणं झाकली जातात. दोन महिन्यांहून अधिक चाललेली कोंडी, तुटलेली रसद, उपाशी माणसं आणि जनावरं, सैन्याबरोबरचे हजारो बिनलढाऊ लोक. गोळी हुकली असती म्हणून छावणीत धान्य आलं नसतं. पट्टी वाकली ती बोटाच्या कलानं, हे खरं. पण तिच्यावर दाब महिनोन्‌महिने साठत होता. पर्यायी इतिहासाचा उपयोग मला इथे कळला. ‘असं झालं असतं तर किती बरं’ असं उसासून म्हणण्यासाठी तो नाही, कोणत्या कारणाचं वजन किती, हे ताडून पाहण्यासाठी आहे.

खुर्चीबद्दल

अजून एक मोह झाला, तोही कबूल करते. २०२१ च्या डिसेंबरात ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला झालं, आडगावजवळ, कुसुमाग्रज नगरीत. अध्यक्ष होते नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाध्यक्ष म्हणून मी मैत्रिणींना घेऊन हौसेनं गेले होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत असं व्हावं! वर पानिपतावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरल्यावर रिकामी अंबारी पाहून सैन्य बिथरलं, असं सांगतात. रिकामी अंबारी, रिकामी खुर्ची, नाशिकचं संमेलन... माझ्या वहीत या तिघांना जोडणारे बाण आहेत.

गाईड सरांनी ते बाण पाहिले आणि शांतपणे विचारलं, "हे ट्रकच पुन्हा नव्हे का?"

होय, ट्रकच. जुळणं दिसणं आणि नातं असणं यात फरक आहे, हे मला एका महिन्यात दुसऱ्यांदा शिकावं लागलं.

खुद्द नारळीकर या बाबतीत किती काटेकोर होते बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ पाठवताना त्यांनी नाव दिलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. केंब्रिजहून आलेल्या पद्मभूषण शास्त्रज्ञाचं नाव बघून बक्षीस मिळू नये, कथा बघून मिळावं, म्हणून. बक्षीस मिळालं. आपण ज्याला ‘ब्लाइंड’ परीक्षण म्हणतो, ते त्यांनी पहिल्याच विज्ञानकथेला लावलं होतं. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले, त्या रात्री मी ही हकिगत पुन्हा वाचली. तरीही प्रेझेंटेशनला जाताना अकरावी स्लाईड बदलली नाही, हे माझं शहाणपण.

आता ती बदलली आहे. नवं वाक्य असं : ‘नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत दुसऱ्या जगाचा प्रवास हा ऐतिहासिक कारणमीमांसेचा प्रयोग म्हणून येतो.’ ‘जगातली’ गेलं, ‘पहिली’ गेलं. वाक्य जरा बेचव झालं, आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "आधीचं बरं होतं." पण या वाक्यावर कुणी चष्मा वर सरकवून ‘कशावरून?’ म्हणालं, तर माझ्याकडे दाखवायला कथेतली पानं आहेत.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं एखादं ‘पहिलं’ लपलेलं असेल तर आजच शोधून ठेवा. समितीच्या आधी ते तुम्हाला सापडलेलं बरं.